लेजर आठ वर्षांचे, धूळ तीस वर्षांची

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. सकाळी नऊलाच रस्ते ओस पडू लागतात आणि घराघरांतले कूलर घुरघुरायला लागतात. अशाच एका सकाळी शेजारच्या घरावर हातोडे पडू लागले. शेजाऱ्यांनी मागच्या दोन खोल्यांवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढून तिथे स्लॅब टाकायचे ठरवले होते. वर तीन मजूर होते, खाली एक बाई आणि तिचे सात-आठ वर्षांचे पोर. पत्रे अलगद सोडवून उतरवण्याऐवजी ते वरच फोडायचे आणि तुकडे खाली टाकायचे, असा झपाटा चालला होता. पोरगे तुकडे वेचून ढीग लावत होते, आई खराट्याने राखाडी भुकटी लोटत होती आणि आमच्या खिडकीतला कूलर ती भुकटी इमानेइतबारे आमच्या बैठकीत ओढून घेत होता. ही शेवटची गोष्ट माझ्या लक्षात आली तेव्हा अर्धे काम उरकले होते.

मी बाहेर जाऊन म्हणालो, "अहो, निदान पाणी तरी मारा त्याच्यावर. आणि त्या पोराला बाजूला घ्या."

वरचा मजूर हसला. "पत्रेच त आहेत काका. काय होते त्यानं?"

हा प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मी चाळीस वर्षांपूर्वी बँकेच्या काउंटरवर ऐकला होता. विचारणारा माणूस आता नाही. त्याच्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. पण कादंबरीकाराला एक वाईट खोड असते, खऱ्या माणसाची गोष्ट तो कधीतरी कादंबरीत वापरू म्हणून राखून ठेवतो. ही गोष्ट राखून ठेवण्यासारखी नाही, हे त्या मे महिन्यातल्या सकाळी कळले.

१९८६ साल असावे. उत्तर नागपुरातल्या एका शाखेत मी नवा नवा अधिकारी होतो. ते दिवस कर्जमेळाव्यांचे होते. जनार्दन पुजारी केंद्रात अर्थखात्याचे राज्यमंत्री होते, मांडव घालून गरिबांना कर्जे वाटली जात होती आणि आम्ही अधिकारी मंडळी टेबलखुर्ची घेऊन वस्त्यांमध्ये अर्ज भरत बसायचो. असाच एक तिशीचा माणूस समोर आला. बायकोसाठी शिलाई मशीन घ्यायचे होते, तीन हजारांचे कर्ज. नाव, वय, पत्ता झाले. व्यवसाय विचारला तर म्हणाला, "लॅगिंग."

मला काही बोध झाला नाही. त्याने समजावून सांगितले, "पायपाले गोधडी शिवतो जी साहेब."

यापेक्षा नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्या पुस्तकातही सापडली नाही. बॉयलरमधून निघणारी वाफ भयंकर तापलेली असते. ती ज्या पाइपांतून वाहते ते उघडे ठेवले तर उष्णता वाया जाते आणि जवळून जाणारा माणूस भाजून निघतो. म्हणून पाइपांना, झडपांना, बॉयलरच्या भिंतींना जाड आवरण घालतात. त्या काळी हे आवरण बहुतेक ठिकाणी अ‍ॅस्बेस्टॉसचे असे. अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची, पोत्यातली भुकटी पाण्यात कालवून कणकेसारखा गोळा करायचा, तो हातांनी थापायचा, त्यावर तारेची जाळी, वरून सिमेंटचा हात आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. वीजकेंद्रे, साखर कारखाने, कागद गिरण्या, जिथे म्हणून बॉयलर तिथे हे काम. ते कंपनीच्या माणसाचे नव्हे, कंत्राटदाराच्या टोळीचे. आमचा हा खातेदार टोळीत मिस्त्री झाला आणि मग सगळे त्याला मिस्त्रीच म्हणू लागले. मीही तेच म्हणतो.

थापणे एकवेळ बरे, कारण ते ओले काम. खरे काम वर्षातून एकदा संच दुरुस्तीसाठी बंद व्हायचा तेव्हाचे. तेव्हा जुनी गोधडी उसवायची. वाळून कोळ झालेला थर हातोडी-छिन्नीने फोडायचा, पोती भरायची, झाडून काढायचे. बंदिस्त जागा, खाली अजून गरम असलेले लोखंड आणि समोरचा माणूस दिसू नये इतकी धूळ. मिस्त्री सांगायचा, "पांढरं धुकं असते साहेब, हिवाळ्यात तलावावर पडते तसं." तोंडाला पंचा. संध्याकाळी घरी आला की कपडे अंगणात झटकायचा आणि बायको ते धुवायची. कर्जाचा हप्ता भरायला तो कामावरून थेट यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. एकदा मी गमतीने म्हणालो, "मिस्त्री, एवढ्यातच म्हातारे झालात?" तो म्हणाला, "धूळच त आहे साहेब. थोडं खाजते अंगाले. दुसरं काय होते त्यानं?"

त्यावर काय होते हे मलाही ठाऊक नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला तारण, हमीदार आणि मुदत कळत होती. पण ज्यांना कळायला हवे होते त्यांना ते तेव्हा साठ वर्षे ठाऊक होते.

इंग्लंडात रॉचडेल नावाचे गिरणगाव आहे. तिथे टर्नर ब्रदर्स या कंपनीच्या कारखान्यात नेली केर्शॉ नावाची बाई अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातायची. १९२४ साली ती दम लागून मेली, वय तेहतीस. तिच्या फुफ्फुसाचे तुकडे डॉ. विल्यम कुक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, त्यांना त्यात खनिजाचे कण सापडले आणि १९२७ साली त्यांनी या रोगाला 'अ‍ॅस्बेस्टॉसिस' हे नाव दिले. बाई जिवंत असताना कंपनीने भरपाई नाकारली होती आणि मेल्यावर दफनाच्या खर्चालाही हात लावला नाही. एकीला दिले तर पायंडा पडेल ही भीती. १९३० साली ब्रिटिश सरकारच्या कारखाना निरीक्षकांनी अहवाल दिला, १९३१ साली धुळीचे नियम झाले. त्याच टर्नर समूहाशी नाते असलेली हिंदुस्थान फेरोडो ही कंपनी पुढे मुंबईत घाटकोपरला उभी राहिली. म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस आपल्या देशात आला तेव्हा त्याच्या अंगावरचा आरोप जुना झालेला होता. माल आला, यंत्रे आली. ज्ञान तेवढे बोटीत चढायचे राहिले.

या धुळीचे अवघड काय आहे ते थोडे सांगतो. अ‍ॅस्बेस्टॉस हा दगडच, पण तो उभा चिरत जातो. धाग्याचा धागा, त्याचा आणखी बारीक धागा, शेवटी डोळ्यांना न दिसणारी सुई. तो जळत नाही, कुजत नाही, आम्लात सहजी विरघळत नाही. पाइपावर हे त्याचे गुण. फुफ्फुसात गेल्यावर हेच गुण वैरी होतात. आपल्या शरीरात आगंतुक कणांना गिळून टाकणाऱ्या पेशी असतात. त्या या सुईला गिळायला जातात, सुई लांब पडते, पेशीच मरते. पुन्हा दुसरी पेशी येते. ही झटापट वर्षानुवर्षे चालते आणि प्रत्येक झटापटीचा व्रण मागे राहतो. व्रणांनी फुफ्फुस हळूहळू कडक होते, वहाणेच्या जुन्या चामड्यासारखे. श्वास आत घेतला तरी ते फुलत नाही. आधी जिना चढताना, मग सपाटीवर, मग बसल्या जागी दम लागतो. कोरडा खोकला येतो. पुष्कळांच्या बोटांची टोके फुगून गोल होतात. शिवाय फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा 'मेसोथेलिओमा' हे दोन वेगळेच.

आणि हे सगळे कधी? दहा, वीस, तीस वर्षांनी. मेसोथेलिओमा तर चाळीस वर्षांनीही. काम सुटलेले असते, कंत्राटदार वारलेला असतो, कारखान्याने हात बदललेले असतात. साप आज चावतो आणि विष माणूस निवृत्त झाल्यावर चढते.

मिस्त्रीचे तसेच झाले. २००४-०५ पर्यंत तो कामावर होता. तोवर बहुतेक ठिकाणी अ‍ॅस्बेस्टॉस जाऊन काचेची आणि दगडाची लोकर, म्हणजे ग्लासवूल आणि रॉकवूल, आली होती. ती अंगाला खाजवते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ साली तिला संशयितांच्या यादीतून बरेच खाली उतरवले. भट्ट्यांमध्ये वापरतात त्या सिरॅमिक फायबरला मात्र उतरवले नाही, तेव्हा नव्या मालाच्या नावाने निर्धास्त होण्याचेही कारण नाही. असो. २०११ च्या सुमारास मिस्त्री मला सीताबर्डीला भेटला. चार पावले चालला की उभा राहायचा. डॉक्टरांनी क्षयाचे औषध दिले होते. नऊ महिने घेतले, फरक नाही. पुन्हा सुरू केले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी बिडी सोडायला सांगितले. मिस्त्रीने आयुष्यात बिडी ओढली नव्हती. खर्रा खायचा, ते खरे. पण खर्रा फुफ्फुसात जात नाही.

"त्यांनी विचारले का, काम काय करत होता म्हणून?" मी म्हणालो.

"नाही जी. कोणी इचारते काय ते?"

हा त्या डॉक्टरांवर ठपका नाही. बाहेर दोनशे रुग्णांची रांग असते आणि आपल्या देशात खोकला म्हटला की क्षय आधी आठवावा अशीच परिस्थिती आहे. आमचे गाव तर गिरण्यांचे. एम्प्रेस आणि मॉडेलचे भोंगे ऐकत आमची पिढी वाढली. कापसाच्या धुळीने सोमवारी छाती आवळते आणि रविवारी सैल होते, हे गिरणीत काम केलेल्या घरात बायकांनाही ठाऊक असायचे. कापसाच्या धुळीचा आजार, सिलिकाचा आजार आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस हे तिन्ही १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होते. असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचे, असे त्याच कायद्याचे ८९ वे कलम सांगत होते. २०२० च्या नव्या श्रमसंहितेतही अशी यादी आहे. कायदा होता. फक्त 'काम काय करत होता' हा चार शब्दांचा प्रश्न कायद्यात लिहून विचारला जात नाही.

जिथे विचारला गेला तिथे काय निघाले पाहा. मुंबईत व्यावसायिक आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉक्टर-कार्यकर्त्यांनी तिथल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांची तपासणी केली आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर चार-पाच कामगारांमागे एकाला अ‍ॅस्बेस्टॉसिस. हे कायम नोकरीतले, ज्यांची नावे कारखान्याच्या वहीत होती असे कामगार. मिस्त्रीच्या टोळीला कोण तपासणार? टोळी आज इथे, उद्या तिथे.

पुढच्याच वर्षी, २००६ च्या फेब्रुवारीत, 'क्लेमेन्सो' नावाची फ्रान्सची जुनी विमानवाहू नौका गुजरातेत अलंगला मोडायला येत होती. तिच्या पोटात पाइपांभोवती अ‍ॅस्बेस्टॉसच्या गोधड्या होत्या. केवढा गदारोळ झाला! दोन्ही देशांत न्यायालये, आंदोलने. शेवटी फ्रान्सने आपली नौका परत बोलावली. मी ती बातमी वाचताना मनात म्हटले होते की बरे झाले. त्या वेळी आपल्याच शहरात असल्या किती गोधड्या उसवल्या गेल्या आहेत, हा विचार मनाला शिवलाही नाही.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो.

मिस्त्री २०१९ साली गेला. शेवटच्या दोन वर्षांत एका तरुण छातीरोगतज्ज्ञाने सीटी स्कॅन करून निदान लिहून दिले होते. त्या कागदावर 'अ‍ॅस्बेस्टॉसिस' हा शब्द होता. गेल्या दिवाळीनंतर त्याची बायको माझ्या घरी आली. सोबत नातू आणि हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ती मला भाऊ म्हणते. म्हणाली, "भाऊ, वकील म्हणते का भरपाईचा दावा करता येते, पण तुमचे मालक तिथं कामाले होते याचा कागद आणा. तुमच्या बँकेत कर्ज काढलं होतं नं आम्ही, मशीनचं. त्या अर्जावर तुम्ही लिवलं होतं त्यांचं काम. तो कागद काढून द्या."

डब्यात काय काय होते! मिस्त्रीने आयुष्यभर जपलेले सगळे. रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचे दाखले, मशीनची पावती, आमच्या बँकेचे फाटके पासबुक. ज्याची गरज होती ते मात्र काहीच नव्हते. गेटपास रोज संध्याकाळी गेटवरच जमा करावा लागे. हजेरी कंत्राटदाराच्या मुकादमाच्या डायरीत. पगार रोख. भविष्यनिर्वाह निधी नाही, राज्य विमा नाही. अठरा-वीस वर्षे ज्याने महाराष्ट्रातल्या बॉयलरांना गोधड्या शिवल्या, तो तिथे कधी गेला होता याचा एकही पुरावा नाही. पुरावा फक्त त्याच्या फुफ्फुसात होता आणि तो मोक्षधामात जळून गेला. जळाला नसेल म्हणा. अ‍ॅस्बेस्टॉस जळत नाही.

आणि बँकेतला तो अर्ज? वाचकहो, इथे मला माझेच लेजर उघडावे लागते. बँकांनी कागदपत्रे किती काळ जपावीत याचे १९८५ सालचे नियम आहेत: काही पाच वर्षे, काही आठ वर्षे. २००६ साली मी त्याच शाखेत व्यवस्थापक म्हणून परत आलो तेव्हा संगणकीकरण चालू होते, जागा हवी होती आणि मागच्या खोलीत छतापर्यंत जुनी लेजरे, व्हाउचरांचे गठ्ठे, फिटलेल्या कर्जांच्या फायली होत्या. यादी केली, वरिष्ठांची मंजुरी घेतली, मी सही केली. दोन दिवस ट्रक भरत होता. मला आठवते, खोली मोकळी झाल्यावर आम्ही तिथे कॅरम ठेवला. सगळे नियमाप्रमाणे. त्या ट्रकमध्ये माझ्याच अक्षरातला एक कागद गेला, ज्यावर लिहिले होते: व्यवसाय, बॉयलर व पाइप लॅगिंग, कंत्राटी, कामाची ठिकाणे, अमुक, तमुक. मिस्त्रीच्या अख्ख्या कामगार आयुष्याची कुणी तटस्थ माणसाने केलेली ती एकमेव लेखी नोंद असावी. कर्ज बुडाले असते तर ती फाइल जपली गेली असती. त्याने कर्ज वेळेत फेडले, म्हणून नष्ट झाली.

मी चाळीसएक वर्षे नियमांच्या बाजूने जगलो आहे आणि नियमाला नावे ठेवणे माझ्या स्वभावात नाही. आठ वर्षांचा नियम पैशाच्या दृष्टीने योग्य आहे. आठ वर्षांनंतर कुणी सहसा हिशेब मागत नाही. पण धुळीचा हिशेब वीस-तीस वर्षांनीच मागितला जातो. हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच ओळखले होते. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने केलेल्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल लागला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात न्या. के. रामस्वामी यांनी लिहिले. अ‍ॅस्बेस्टॉसचा रोग सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये द्यावेत, हे त्या निकालातले वाक्य वर्तमानपत्रांत गाजले. मला त्यातले दुसरे वाक्य जास्त मोलाचे वाटते. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर जपावी, असा तो आदेश आहे. चाळीस वर्षे! रोगाची चाल ओळखून मुदत ठरवणारा असा आदेश मी दुसरा वाचलेला नाही.

पण हा आदेश अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना उद्देशून होता. जो बॉयलरपाशी गोधडी शिवायला कंत्राटदाराबरोबर जातो, तो कुठल्या कारखान्याचा? वीजकेंद्र म्हणणार, तो कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणणार, तो मुकादमाचा. मुकादम कुठे आहे? आणि ज्याची पहिल्यापासून नोंदच नाही, त्याची चाळीस वर्षे जपणार काय?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की पुरावा आणण्याचे ओझे या माणसांच्या डोक्यावरून उतरवले पाहिजे. हे अशक्य नाही. राजस्थानात दगडखाणींमुळे सिलिकोसिसचे हजारो रुग्ण आहेत. तिथल्या सरकारने २०१९ साली धुळीच्या आजारांसाठी धोरण केले. वैद्यकीय मंडळाने रोग प्रमाणित केला की रुग्णाला तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. कुठल्या मालकाकडे होतास हे त्याला सिद्ध करत बसावे लागत नाही. तिथेही घोळ आहेत, खोटी प्रमाणपत्रे निघाल्याच्या बातम्या मी वाचल्या आहेत. बँकेत राहिलेल्या माणसाला त्याचे नवल वाटत नाही. खोटे खाते निघते म्हणून बचत खाते बंद करत नसतात. जी धूळ वीजनिर्मितीसाठी, साखरेसाठी, कागदासाठी उडाली, तिची भरपाई त्या त्या उद्योगांकडून गोळा केलेल्या निधीतून द्यावी आणि एक्स-रे हाच दाखला मानावा.

आणि आज जे कामावर आहेत त्यांच्या नोंदी तरी व्हाव्यात. २०२१ पासून असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी होते, तीत व्यवसाय लिहितात. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. या कागदांवर आणखी एक रकाना घालायला काय लागते: कोणत्या धुळीत, किती दिवस? संगणकाला जागा कमी पडत नाही, तिथे कॅरमही ठेवायचा नसतो.

काही लोक म्हणतील, हा जुना प्रश्न उकरून काढण्यात काय हशील, अ‍ॅस्बेस्टॉस तर संपला. संपलेला नाही. साठाहून अधिक देशांनी तो बंद केला. ब्रिटनने पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस १९९९ मध्ये, युरोपीय संघाने २००५ मध्ये, कॅनडाने, जो वर्षानुवर्षे तो आपल्याला विकत होता, २०१८ मध्ये. अमेरिकेने २०२४ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढला. आपण त्याच्या खाणी थांबवल्या, पण तो बाहेरून, मुख्यतः रशियातून, आणतो आणि आज जगात सर्वांत जास्त आयात आपलीच आहे. त्यातला बराचसा सिमेंटच्या पत्र्यांत जातो. पत्रेवाले म्हणतात, पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस निरुपद्रवी, शिवाय सिमेंटने बांधलेला. कर्करोग संशोधन संस्था म्हणते, सगळ्या जातींचा अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोग करतो. सिमेंटने बांधलेला, हे मात्र अर्धे खरे आहे. धड पत्रा डोक्यावर गप्प बसलेला असतो. गरिबाला तो परवडतो, हेही मी नाकारत नाही, माझे बालपणही त्याच्याखालीच गेले. पण तो पत्रा कापला, भोक पाडले, फोडला, खराट्याने लोटला की बांधलेली सुई मोकळी होते. तेव्हा ज्यांच्या घरावर असे पत्रे असतील त्यांनी काढताना आधी भिजवावेत, अखंडच्या अखंड उतरवावेत, पोरांना दूर ठेवावे, कोरडा झाडू मारू नये. आणि शेजाऱ्याचे काम चालू असेल तर कूलर बंद करावा. नागपूरच्या मे महिन्यात हे सांगणे किती क्रूर आहे, याची मला कल्पना आहे.

मिस्त्रीच्या बायकोला मी काय दिले? साध्या कागदावर, माझ्या हाताने, एक निवेदन. मी अमुक, निवृत्त बँक अधिकारी, अमुक साली अमुक शाखेत असताना या इसमाचा कर्जअर्ज मी स्वतः भरला; त्यात त्याचा व्यवसाय लॅगिंग असा मी नोंदवला; कामावरून येताना त्याच्या अंगावर पांढरी धूळ मी अनेकदा पाहिली. खाली माझा जुना कर्मचारी क्रमांक. वकील म्हणाले, शपथपत्र करून घेऊ, टिकेल की नाही सांगता येत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरे. तिच्या टोळीतल्या ओळखीच्या आणखी दोघांना शोधले आहे. एक कामठीला असतो, त्यालाही दम आहे.

निवेदन घडी करून तिने डब्यात ठेवले. तेव्हा डब्याच्या तळाशी मला दोरीचे एक वेटोळे दिसले, मळकट पांढरे, बोटाएवढे जाड. विचारले तर म्हणाली, "हे त्यांच्या कामातलंच होय भाऊ. घरी आणत, स्टोच्या बुडाले गुंडाळासाठी. मी भांडे उतरवाले पण वापरत होती. जळत नाही नं ते." आणि बोलता बोलता खोकली. कोरडा, आखूड खोकला.

मी विचारले, "हे कधीपासून?"

"मले काय झालं? धुळीचं असन."

मी म्हणालो, वहिनी, आधी तुमचा एक्स-रे काढू, मी सोबत येतो. दोरी मी ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधायला लावली. तिने डबा बंद केला, नातवाच्या हातात दिला आणि उठता उठता म्हणाली, "माझं राहू द्या भाऊ. आधी त्यांचं होऊ द्या."